निर्भार पाणी

करंजमाळच्या जलकेंद्रात पाहुणे आले की केंद्रप्रमुख मृदुला काळदाते त्यांना आधी मागच्या बाजूला नेत असे. शहराचे सांडपाणी तिथे येऊन पडे. त्यात न्हाणीघरांचे, संडासांचे, सौरपट्ट्यांच्या कारखान्यांचे आणि औषध कारखान्याचे असे सगळेच पाणी असे. पाहुणे नाकाला रुमाल लावून पाच मिनिटे उभे राहत. मग ती त्यांना पुढच्या दालनात आणी आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला देई. हे तेच पाणी, असे ऐकल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत. ती स्वतः मात्र सगळ्यांच्या आधी आपला पेला रिकामा करी.

त्या सोमवारी राजस्थानातून चार अभियंते आले होते. त्यांना विद्युत-अपोहनाचा संच बघायचा होता. मृदुलाने झाकण काढून आतली रचना दाखवली. दोन विद्युतअग्रांच्या मधे शेकडो पातळ पडदे वहीच्या पानांसारखे दाटीने उभे होते. एक पडदा फक्त धन भाराच्या कणांना वाट देतो, त्याच्या शेजारचा फक्त ऋण भाराच्या कणांना. वीज सोडली की मिठाचे, नायट्रेटचे, जड धातूंचे भारित कण आपापल्या विरुद्ध अग्राकडे ओढले जातात, एक पडदा ओलांडतात आणि पुढच्या पडद्यापाशी अडकतात. असे एकाआड एक पन्हळीत खारे पाणी साठते आणि एकाआड एक पन्हळीत गोडे पाणी उरते. त्याआधी जिवाणूंच्या टाक्यांत मैला खाल्ला जातो आणि शेवटी अतिनील किरणांनी रोगजंतू मारले जातात.

पाणी खरोखरच शुद्ध झाले हे कशावरून ठरवता, असे त्यांच्यातल्या एकाने विचारले. मृदुलाने भिंतीवरचा वाहकता-मापक दाखवला. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्यातून वीज सहज वाहते. मापकाचा आकडा पावसाच्या पाण्याच्या आकड्याजवळ होता आणि गेली बावीस वर्षे तो तिथेच होता. नदी नसलेल्या, विहिरींना मचूळ पाणी असलेल्या त्या माळावर दीड लाखांचे शहर उभे राहिले ते या आकड्याच्या भरवशावर. एकदा आणलेले पाणीच पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरायचे. बाष्प होऊन उडेल, खाऱ्या पाण्याबरोबर जाईल तेवढीच भर बाहेरून घालायची.

हे सांगत असतानाच तिला अमरावतीहून फोन आला. जुई, तिची एकुलती एक मुलगी, नऊ दिवसांपूर्वीच तिथल्या महाविद्यालयात शिकायला गेली होती. तिला वर्गात झटका आला होता. ती जमिनीवर पडून आखडली, तोंडाला फेस आला, आता ती इस्पितळात आहे, असे वसतिगृहाच्या अधीक्षक बाई घाबऱ्या आवाजात सांगत होत्या. मृदुलाने इस्पितळाचे नाव लिहून घेतले. मग नवऱ्याला फोन केला. श्रीरंग शाळेत भूगोल शिकवत असे. तो म्हणाला, बरं, तू जातेच आहेस तर मी कशाला रजा टाकू, पोहोचलीस की कळव.

पाहुण्यांना उरलेले केंद्र दाखवून, त्यांना चहा पाजून, मृदुला दुपारच्या बसने निघाली.

जुईला ओळखणे कठीण झाले होते. डोळे खोल गेलेले, हात सारखे थरथरत होते. पाच दिवस तिला झोप नव्हती. पंख्याच्या आवाजानेही ती दचके. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रे काढली होती आणि त्यांत काहीच दोष निघाला नव्हता. तिसऱ्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नफीसा मोमीन यांनी मृदुलाला आपल्या खोलीत बोलावून घेतले आणि दार लावले. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. एक कागद पुढे सरकवत त्यांनी विचारले, की जुई झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या किती वर्षांपासून घेत होती.

मृदुला म्हणाली, कधीच नाही.

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवले. जुईच्या रक्तात शमाविन नावाच्या औषधाचा अंश सापडला होता. ती दाखल झाली तेव्हा तो बराच उतरला होता, पण होता. शमाविन हे चिंता घालवणारे औषध आहे, मेंदूला त्याची सवय लागते, आणि एकदम बंद केले तर मेंदू असा बिथरतो. हे सगळे त्यांनी कोणताही ठपका न ठेवता सांगितले, पण मृदुलाला तो ठपका ऐकू आलाच. तिने पुन्हा सांगितले, की मुलगी अठरा वर्षे तिच्या डोळ्यांसमोर वाढली, घरात असले औषध कधी आलेले नाही.

डॉक्टरांचे लक्ष तिच्या हातांकडे गेले. मृदुलाच्या मांडीवरची पर्स थरथरत होती. काळजीने हात कापतो आहे, असे तिला दोन दिवस वाटत होते.

"तुमचं रक्त तपासलं तर चालेल का?" डॉक्टरांनी विचारले.

तिच्या रक्तात मुलीपेक्षा जास्त शमाविन निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. या वर्षात करंजमाळहून आलेली जुई ही चौथी, असे डॉक्टर म्हणाल्या. आधीचे तिघे शिक्षण किंवा नोकरी अर्धवट टाकून गावी परतले आणि परतताच बरे झाले. मृदुलाला यात नवल वाटले नाही. करंजमाळची माणसे बाहेर रुळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याला गावात 'माळाची ओढ' म्हणत आणि ते अभिमानाने सांगत. तिच्या शेजारचा एक ट्रकचालक आठ दिवसांच्या फेरीवर गेला आणि रिकाम्या रस्त्यावर ट्रक उलटून वारला, तेव्हाही लोक म्हणाले होते, त्याचं मन घरी लागलं होतं.

"तुमच्याकडची तान्ही बाळं रडतात का हो?" डॉक्टरांनी मधेच विचारले.

"आमची बाळं फार गुणी असतात," मृदुला सवयीने म्हणाली, आणि बोलता बोलताच थांबली.

हे औषध सगळ्यांच्या पोटात एकाच वाटेने जात असणार. भाजी बाहेरून येते, दूध बाहेरून येते. गावातले म्हणून सगळे पोटात घेतात असे एकच काही उरत होते. पण पाण्यात काही असणे शक्य नाही, असे मृदुला ठासून म्हणाली. जे जिवाणूंना खाता येत नाही ते विद्युत-अपोहनात ओढले जाते. ती स्वतः रोज आकडा बघते.

"मला तुमच्या विषयातलं कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ओढलं जातं म्हणजे नक्की काय ओढलं जातं?"

"भारित कण. धन किंवा ऋण."

"आणि ज्याच्यावर भारच नाही ते?"

मृदुलाने टेबलावरचे पेन उचलले आणि शमाविनचे सूत्र मागितले. डॉक्टरांनी ते काढून दाखवले. त्या रेणूवर धन भार नव्हता, ऋण भार नव्हता. तो पूर्ण निर्भार होता, आणि जिवाणूंनाही तो खाता येत नसणार. दुसऱ्या एखाद्या पद्धतीत पाणी दाबाने गाळणीपलीकडे ढकलतात आणि घाण अलीकडे राहते. विद्युत-अपोहनात उलट असते. पाणी जागच्या जागी राहते आणि घाण निघून जाते, पण विजेला जी ओढता येते तीच. निर्भार रेणूला त्या शेकडो पडद्यांच्या दाटीतून जाताना काहीच होत नाही. तो गोड्या पाण्याबरोबर गोडा होऊन बाहेर पडतो. वाहकता-मापकालाही तो दिसत नाही, कारण मापक विजेनेच बघतो. जे ओढता येत नाही ते मोजताही येत नव्हते.

करंजमाळात नऊ वर्षांपूर्वी औषध कारखाना आला. त्याच्या सांडपाण्यात क्षार किती असावेत याचा नियम होता आणि कारखाना तो नियम काटेकोर पाळत असे. शमाविन तिथेच बनत होते.

तिने कागदावर गणित मांडले. कारखान्याची भांडी धुतली जाताना दिवसाला किलो-सव्वा किलो औषध जरी वाहून येत असेल, तरी शहराचे पाणी साठवणाऱ्या दीडशे कोटी लिटरच्या तलावात त्याचा मागमूस लागायला नको. पण तलावाचे पाणी जगभर हिंडून येत नव्हते. ते नळातून माणसांत, माणसांतून गटारात आणि गटारातून पुन्हा तलावात येत होते. रोज जेवढे आत येई त्याच्यापेक्षा खूप कमी बाहेर पडे, आणि उरलेले उद्याच्या वाट्यावर चढे. ही भर कुठे थांबेल? रोज शहराबाहेर पडणाऱ्या दहा-बारा लाख लिटर पाण्यातून जेव्हा रोजचे औषध पूर्ण बाहेर जाऊ लागेल, तिथे. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास. तिने उत्तराखाली रेघ मारली.

"एका गोळीत किती असतं?"

"दोन मिलिग्रॅम," डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे दिवसाला दोन लिटर पाणी धरले, तर करंजमाळातला प्रत्येक माणूस रोज एक गोळी पीत होता. केंद्रातून मागवलेल्या बाटलीतले पाणी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेतल्या रेणुओळख यंत्रात घातले, तेव्हा गणित जवळजवळ जसेच्या तसे बरोबर निघाले.

डॉक्टरांनी दोघींवर उपचार सुरू केले. उपचार म्हणजे तेच औषध, गोळीच्या रूपात, दर आठवड्याला थोडे थोडे कमी करत न्यायचे. दोन महिने लागणार होते. मृदुलाने रजा वाढवली आणि इस्पितळाजवळ एक खोली घेतली.

त्या दोन महिन्यांत तिचे जे झाले ते तिला आधी कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. तिसऱ्या आठवड्यात ती एकदा उपाहारगृहात डोसा खात बसली होती आणि तिला तिची आई आठवली. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. मृदुला तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर झाली होती आणि जलमंडळाच्या उदगीरकर सरांनी सगळ्यांदेखत तिच्या धीराचे कौतुक केले होते. आता समोरचे ताट सरकवून ती हुंदके देऊन रडू लागली, आणि आजूबाजूच्या माणसांना वाटले, की बाईचे कुणीतरी आज इस्पितळात गेले. एका अर्थाने ते खरेच होते. तिची आई तिच्यासाठी त्या दिवशी गेली.

मग मागचे सगळेच एकेक करून येऊ लागले. मुलीला झटका आल्याचे कळल्यावर आपण पाहुण्यांना चहा पाजत बसलो, हे आठवून तिला दरदरून घाम फुटला. श्रीरंग रोज संध्याकाळी फोन करी, जुई जेवली का विचारी, मग शाळेतल्या गमती सांगे. तो एकदाही आला नाही. तिला आधी त्याचा राग आला आणि मग राग ओसरून भीती उरली. श्रीरंग वाईट नव्हता. त्याचे मुलीवर प्रेम होते, फक्त काळजी त्याच्यातून काढून घेतली गेली होती. तिने स्वतःच्या हाताने शुद्ध केलेल्या पाण्याने.

डॉ. मोमीन यांनी तिला निघताना दोन गोष्टी बजावल्या. करंजमाळचे पाणी तुम्ही पुन्हा पिऊ नका. आणि गावाचे पाणी एकदम स्वच्छ करू नका. दीड लाख माणसांचे औषध एका दिवसात तोडले तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून घरोघर जुईसारखे झटके येतील, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका त्यातून वाचणार नाहीत. पुढे त्यांनी असेही सांगितले, की गरोदर बायकांच्या पोटातल्या बाळांसाठी हे पाणी आजही वाईटच आहे, त्यामुळे फार सावकाशही चालणार नाही. या दोहोंमधली वाट तिला शोधायची होती.

जुईला अमरावतीतच ठेवून मृदुला परतली. येताना तिने बाहेरच्या पाण्याचे कॅन भरून आणले.

जलमंडळाची बैठक तिच्या मागणीवरून बोलावली गेली. मंडळाचे अध्यक्ष बळवंत उदगीरकर होते. करंजमाळचे जलचक्र त्यांनीच आखले, मृदुलाला त्यांनीच नोकरीत घेतले, विद्युत-अपोहनाचा ओनामा तिला त्यांनीच शिकवला. आज त्यांच्या आयुष्यभराच्या कामाविरुद्ध बोलायचे होते. ते चिडतील, आकडे खोटे ठरवतील, कदाचित तिला बाहेर काढतील. दोन दिवस तिने त्यांच्या प्रत्येक संभाव्य प्रश्नाचे उत्तर तयार करून ठेवले होते.

तिने सगळे मांडले. जुईचा झटका, रक्ताचे अहवाल, निर्भार रेणू, तलावाचे गणित, मेलेला ट्रकचालक, न रडणारी बाळे. बोलताना तिचा आवाज दोनदा फुटला. अकरा सभासद लक्ष देऊन ऐकत होते. औषध कारखान्याचे व्यवस्थापकही होते. ते मधूनमधून मान डोलावत होते.

तिचे संपले तसे उदगीरकर सरांनी तिचे गणित स्वतः एकदा पडताळून पाहिले. वयाच्या बाहत्तराव्या वर्षीही त्यांचा हिशोब झटपट होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू फार चांगलं काम केलंस."

व्यवस्थापकांनी सांगितले, की कारखान्याचे सांडपाणी वेगळे काढून बाष्पीभवन तलावात सोडायला त्यांची काहीच हरकत नाही. एका सभासद बाईंनी आपली सून गरोदर असल्याचे सांगितले आणि तिच्यासाठी काही वेगळे करावे लागेल का, असे विचारले. मृदुलाने बाहेरचे पाणी द्यायला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितले. बघते, असे म्हणून बाईंनी वहीत टिपून घेतले. मग पुढचा विषय पुकारला गेला. तो बागेच्या कुंपणाचा होता.

मृदुला खुर्चीत बसून राहिली. कुणी तिला खोटे पाडले नव्हते. तिच्या एकाही आकड्यावर वाद झाला नव्हता. सगळ्यांना सगळे समजले होते, आणि समजून कुणाच्या चहाचा कपही हलला नव्हता. तिने पुराव्यांची एवढी तयारी केली होती, पण ज्याने माणसाला भीती वाटते तेच या खोलीत कुणाकडे शिल्लक नव्हते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. नऊ वर्षांच्या गोळीने भीती नेली होती, अक्कल नाही. ठराव झाला: जलकेंद्र प्रमुखांनी योग्य ती कार्यवाही करावी. तो एकमताने संमत झाला.

म्हणजे जे करायचे ते तिला एकटीला करायचे होते.

केंद्राच्या शेवटच्या दालनात सक्रिय कोळशाच्या सहा गाळण्या होत्या. पाण्याला वास येऊ लागला तर असाव्यात म्हणून त्या अगदी सुरुवातीला बांधल्या होत्या आणि गरज न पडल्याने बंद होत्या. कोळशाला भाराशी देणेघेणे नसते. तो निर्भार रेणूलाही धरून ठेवतो. मृदुलाने नवा कोळसा भरून घेतला आणि गाळण्यांकडे जाणाऱ्या नळाच्या झडपेवर शंभर खुणा आखल्या. शंभरावर झडप पूर्ण उघडी. डॉ. मोमीन यांच्या सल्ल्याने तिने दर पंधरवड्याला दोन खुणा उघडायचे ठरवले. तेवढे पाणी कोळशातून जाऊन उरलेल्यात मिसळायचे. तपासणीसाठी दर वेळी शहराच्या नळांतून नमुने घ्यायचे. दोन वर्षांत शहर शून्यावर येणार होते. यातले तिने काहीच लपवले नाही. प्रत्येक खूण ती केंद्राच्या नोंदवहीत लिही आणि तिची प्रत मंडळाकडे पाठवी. दर महिन्याला तिने गावात पत्रकेही वाटली: गाव सोडून बाहेर जायचे असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, घरात कुणी गरोदर असेल तर केंद्रावर कळवा. लोक पत्रक वाचून नीट घडी घालून ठेवत. शंभरांतले चार-पाच जण केंद्रावर येत.

ते वर्ष तिला फार जड गेले. घरी ती वेगळ्या भांड्यात स्वतःचा स्वयंपाक करी. श्रीरंगला तिने सगळे समजावले होते. कॅनचे पाणी पी आणि सोबत गोळ्या कमी करत जा, असे विनवले होते. तो म्हणे, गावाचं होईल ते माझं होईल, एवढी कशाला धावपळ. पहाटे उठून ती तपासणीचे नमुने गोळा करायला निघे, तेव्हा रस्त्यावर भेटणारी प्रसन्न माणसे बघून तिला भडभडून येई. शाळेत जाणारी पोरे हसत. भाजीवाल्या हसत. आपण एकट्या जाग्या आहोत आणि त्या जागेपणाने आपल्याला वेड लागेल, असे तिला कधी कधी वाटे. तसे वाटले की ती जुईला फोन लावी आणि तिच्या कुरकुरी ऐके. जुई आता परीक्षेला घाबरत होती. ते ऐकून मृदुलाला बरे वाटे.

झडप अठ्ठेचाळिसाव्या खुणेवर असताना, एका रविवारी सकाळी, श्रीरंग दाढी करत होता. त्याच्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला. मृदुला धावत गेली. तो आरशाकडे बघत उभा होता, अर्ध्या गालावर फेस तसाच.

"जुईला झटका आला होता," तो म्हणाला, जणू ही बातमी त्याला आत्ता कळली होती. "आणि मी गेलो नाही."

तो खाली फरशीवर बसला आणि तिच्या पावलांना धरून रडला. त्याच दुपारी तो अमरावतीला निघाला. कॅनमधले पाणी, औषध एकदम तुटू नये म्हणून गावातले पाणी आणि गोळ्यांची चिठ्ठी मृदुलाने त्याच्या पिशवीत भरून दिली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत शहर बदलले. बाजारात भांडणे झाली. औषध कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकले गेले. केंद्रावर पत्रांचा ढीग पडला. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाचे बाळ आता रात्रंदिवस किंचाळत होते. कुणाच्या घरचे माणूस पाच वर्षांपूर्वी गेले होते आणि त्याचा शोक आत्ता सुरू झाला होता. वर्षभर घड्या घालून ठेवलेली पत्रके लोकांनी बाहेर काढली आणि पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता लोक केंद्रावर आले. मृदुलाने खिडकीतून पाहिले तर रस्ता टोकापर्यंत भरला होता. वर्षभर ती याच भीतीची वाट बघत होती, आणि आता ती भीती फाटकापाशी उभी राहून एकच मागत होती: कोळशाच्या गाळण्या आजच्या आज पूर्ण उघडा, आमच्या पोरांना आणखी एक थेंबही पाजू नका.

उदगीरकर सरांना एकट्याला आत सोडले. ते दारातच थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत तिने त्यांना रागावलेले प्रथमच पाहिले.

"वर्षभर पाजत राहिलीस," ते म्हणाले. "माहीत असून."

"हो सर."

"त्या बैठकीत मी कुंपणाचा विषय घेतला. मी. तू टेबलावर चढून ओरडली का नाहीस?"

ओरडून उपयोग झाला नसता, असे तिने सांगितले नाही. त्यांनाही ते ठाऊक होते. ते सरळ शेवटच्या दालनात गेले आणि झडपेच्या चाकापुढे उभे राहिले. चाकाला दोन्ही हात लावल्यावर त्यांचे हात थरथरताना दिसले.

"सर, हे निम्म्यावर आहे," मृदुला म्हणाली. "निम्म्यावर तुमचे हात असे झाले. पूर्ण उघडलंत तर सोमवारपर्यंत बाहेरच्या त्या गर्दीतले किती उभे असतील, ते तुम्हीच मोजा. तुमचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. बाहेरचा आवाज वाढत होता. कुणीतरी फाटक हलवत होते.

"अजून किती?" त्यांनी विचारले.

"एक वर्ष. रोज प्यायचं, मोजून, थोडं थोडं कमी."

"त्यांना हे कोण सांगणार?"

"आपण दोघं. पण आधी आजचं करून घेऊ. आज पंधरवडा संपतो. दोन खुणा."

सरांनी चाक फिरवायला सुरुवात केली. पहिली खूण गेली. दुसरी आली. तिथे त्यांनी थांबायला हवे होते, पण त्यांची बोटे चाकावर घट्ट आवळली होती आणि चाक पुढे सरकतच होते. बाहेरून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता, तो सरांनाही ऐकू येत होता. मृदुलाने आपले दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून ते दाबून धरले. दालनाच्या खिडकीची काच फुटून आत पडली. दोघांपैकी कुणीही वळून पाहिले नाही.